पिशवीवर ‘हरित ऊर्जेचा कागद’ छापताय? आधी हे पाच प्रश्न विचारा



आपल्या एका बॅचमधल्या ताई कागदी पिशव्या बनवतात. दिवाळीच्या आधी त्यांना एका कंपनीची ५,००० पिशव्यांची ऑर्डर मिळाली. कागदाचा डीलर म्हणाला, “ताई, आपली मिल विंड पॉवरवर चालते, बिनधास्त छापा.” ताईंनी छापलं: ‘१००% हरित ऊर्जेवर बनलेला कागद’. माल तयार झाला आणि कंपनीच्या खरेदी विभागाकडून एका ओळीचा मेल आला: “कृपया दाव्याचा पुरावा पाठवा.”

ताईंनी डीलरकडे मागितला, त्याने व्हॉट्सॲपवर एका प्रमाणपत्राचा फोटो टाकला. ते होतं एफएससीचं. म्हणजे लाकूड कुठून आलं याचं. विजेबद्दल त्यात एक शब्द नव्हता!

शेवटी प्रत्येक पिशवीवर त्या ओळीवर स्टिकर लावून माल गेला. ऑर्डर वाचली, पण स्टिकर आणि मजुरीत नफा गेला. ताईंनी कुणाला फसवलं नव्हतं. फक्त दुसऱ्याचं वाक्य स्वतःच्या मालावर छापलं होतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून आजचा विषय.

एक लेबल, एकच गोष्ट

कागदावर तीन वेगळे दावे असतात आणि बाजारात त्यांची सर्रास खिचडी होते.

पहिला दावा कच्च्या मालाचा. एफएससी ही संस्था १९९३ पासून आहे. तिची लेबलं तीन: १००%, मिक्स आणि रिसायकल्ड. ही लेबलं धागा कुठून आला ते सांगतात, मिल कोणत्या विजेवर चालली ते नाही.

दुसरा दावा विजेचा. मिलची यंत्रं फिरवणारी वीज सौर, पवन अशा स्रोतांतून आली का?

तिसरा दावा उष्णतेचा, आणि हाच सगळे विसरतात. कागद बनतो तेव्हा लगद्यात पाणीच पाणी असतं. ओला कागद वाफेने तापवलेल्या मोठ्या रोलरवरून फिरवून वाळवतात. ती वाफ बॉयलरमधून येते. बॉयलरमध्ये कोळसा असेल, भुसा असेल, उसाची चिपाडं असतील. मिलच्या एकूण ऊर्जेत या वाफेचा वाटा मोठा असतो.

म्हणजे मिलने सगळी वीज पवनचक्कीची घेतली आणि बॉयलर कोळशावर चालवला, तर ‘नवीकरणीय वीज’ हे खरं, पण ‘नवीकरणीय ऊर्जा’ हे खोटं. फरक एका शब्दाचा, पण अडकवणारा तोच.

गंमत बघा. लाकडापासून लगदा करणाऱ्या मोठ्या मिलमध्ये एक काळा द्रव उरतो. तो खास बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज दोन्ही करतात. तो लाकडातूनच आलेला, म्हणून जैवइंधनात मोडतो. रद्दीपासून कागद करणाऱ्या मिलला हा द्रव मिळतच नाही, तिला इंधन बाहेरूनच आणावं लागतं. त्यामुळे ‘रिसायकल्ड आहे म्हणजे हरित ऊर्जेचाच असणार’ हा हिशोब चुकतो.

विजेचं प्रमाणपत्र म्हणजे नक्की काय?

भारतात २०१० पासून नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रांची पद्धत आहे. धंद्यात त्याला ‘आरईसी’ म्हणतात. एक प्रमाणपत्र म्हणजे एक मेगावॅट-तास, आपल्या भाषेत १,००० युनिट. पवनचक्कीवाला वीज साध्या विजेसारखी विकतो आणि तिचा ‘हरितपणा’ प्रमाणपत्राच्या रूपात वेगळा विकतो. खरेदी-विक्री वीज एक्स्चेंजवर होते.

दुधाचं उदाहरण घ्या. साय काढून वेगळी विकली, की तेच दूध ‘साईचं दूध’ म्हणून विकता येत नाही. तसंच, मिलच्या छतावर सोलर पॅनल आहेत, पण त्या विजेची प्रमाणपत्रं तिने दुसऱ्याला विकली असतील, तर ‘आम्ही सौर विजेवर चालतो’ म्हणायचा हक्कही गेला. अमेरिकेत व्यापार आयोगाच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट लिहिलं आहे. तिथे ग्रीन-ई नावाची खूण १९९७ पासून आहे, आणि मोहॉकसारख्या कागद कंपनीने पवन ऊर्जेची प्रमाणपत्रं घेऊन ती आपल्या कागदावर वापरली. तुमचा माल तिकडे जाणार असेल, तर खरेदीदार हे प्रश्न विचारणारच.

दोन मिनिटांचा हिशोब

आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या मिलचे वेगळे असतील.

समजा एक टन कागदाला ६०० युनिट वीज लागते. मिल महिन्याला १,००० टन काढते. म्हणजे ६ लाख युनिट, म्हणजे ६०० प्रमाणपत्रं हवीत. मिलने दाखवली ५०. तर जेमतेम ८% वीज हरित झाली. अशा वेळी ‘१००%’ कसं छापणार?

आता तुमच्या बाजूने बघा. ५,००० पिशव्या, प्रत्येकी ६० ग्रॅम, म्हणजे ३०० किलो कागद. त्याला लागली १८० युनिट. एका प्रमाणपत्रात अशा पाच ऑर्डरी बसतात. म्हणून मिलने ठरावीक मालासाठी प्रमाणपत्रं राखून ठेवली असतील आणि तसं लेखी दिलं, तर तुमचा दावा पक्का होऊ शकतो. हे अशक्य नाही, फक्त कागदोपत्री पाहिजे.

डीलरला विचारायचे पाच प्रश्न

१. प्रमाणपत्र कशाचं आहे: लाकडाचं, विजेचं की वाफेसकट सगळ्या ऊर्जेचं?

२. कोणाच्या नावावर आहे? मिलचं, त्याच कारखान्याचं की फक्त मुख्य कंपनीचं?

३. कोणत्या काळाचं आहे? मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र यंदाच्या मालाला चालेलच असं नाही.

४. किती युनिट, आणि त्या काळात किती टन कागद निघाला?

५. ती प्रमाणपत्रं वापरून रद्द केली आहेत ना? नाहीतर एकच प्रमाणपत्र दोघं दाखवतील.

उत्तरं फोनवर नको. मिलच्या लेटरहेडवर घ्या, इनव्हॉइस नंबरसह, आणि ऑर्डरच्या फाइलला लावा.

एफएससीचंही लक्षात ठेवा. लेबलवर ‘सी’ आणि सहा आकड्यांचा कोड असतो, तो संस्थेच्या वेबसाइटवर तपासता येतो. आणि एफएससी कागद आणून तुम्ही पिशवी बनवलीत, तर पिशवीवर ते लेबल लावायला तुमचं स्वतःचं प्रमाणपत्र लागतं. मिलचं चालत नाही.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘सस्टेनेबल’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि स्पष्टीकरणाशिवाय वापरायचे नाहीत. तपशील क्यूआर कोडने दिला तरी चालतो, ही छोट्या पिशवीसाठी मोठी सोय आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा तीच चूक केली तर ५० लाखांपर्यंत.

मग छापायचं काय?

हे नको: ‘१००% हरित ऊर्जेचा कागद’.

पुरावा असेल तर हे: ‘या कागदाच्या निर्मितीत वापरलेल्या विजेइतकी नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्रं मिलने घेतली आहेत. तपशिलासाठी कोड स्कॅन करा.’

वाक्य लांब आहे, मान्य. पण खरेदी विभागाचा मेल आला तर हेच वाक्य तुमच्या बाजूने उभं राहतं.

स्वतःच्या युनिटचीही सोय बघा. महाराष्ट्रात २०२१ मध्ये वीज नियामक आयोगाने हरित विजेचा पर्याय मंजूर केला. सुरुवातीला युनिटमागे ६६ पैसे जादा होते. आजचा दर आणि प्रमाणपत्राची पद्धत तुमच्या वीज कार्यालयात विचारा. मग ‘ही पिशवी हरित विजेवर शिवली’ असं म्हणता येईल. कागदाबद्दल नाही, फक्त तुमच्या कामाबद्दल. पण ते पूर्ण खरं असेल.

आणि काहीच पुरावा नसेल तर? काही छापू नका. ‘१२० जीएसएम, ५ किलो वजन पेलते’ हे तुम्ही स्वतः भरून, उचलून तपासू शकता. त्या ताई आता हेच छापतात, आणि त्याच कंपनीची पुढची ऑर्डर त्यांनाच मिळाली.

आजचा गृहपाठ: तुमच्या पॅकिंगवरचा प्रत्येक दावा वहीत लिहा आणि समोर पुराव्याचा कागद कोणत्या फाइलमध्ये आहे ते लिहा. जिथे रकाना रिकामा राहील, ती ओळ पुढच्या छपाईतून काढा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा वाढवा, पण शब्द जपून छापा!