डिपस्टिकच्या टोकावरचा काळा ठिपका

दुसऱ्या पाळीसाठी मी दुपारी दीडला भोसरीहून निघतो. चाकणचा कारखाना काही लांब नाही, पण पुणे-नाशिक रस्त्यावर मोशी मागे पडली की पुढचा प्रवास ट्रेलर आणि कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मर्जीवर. चौदा वर्षं हा रस्ता मोटरसायकलवर केला. त्यातल्या एका दुपारी माझ्या गाडीचं इंजिन जाम झालं, आणि ते माझ्या हलगर्जीपणामुळे झालं, हे मला आजही लागून राहिलं आहे.

मे महिना होता. कुरुळी फाट्याच्या पुढे अर्धा तास पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, फूट-फूट सरकत होतो. आधी न्यूट्रल लागेनासा झाला. मग गिअर पाडताना पाय जड लागायला लागला. टॅपेटचा आवाज डब्यात खडे हलवावेत तसा येऊ लागला. पुढची बस हलली म्हणून एक्सलरेटर पिळला, तर गाडी ओढेचना. दोन आचके दिले आणि बंद पडली. किक मारायला गेलो, तर किक खालीच जाईना.

ढकलत रस्त्याकडेच्या लिंबाखाली आणली. सीटखालच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि इंजिनवर ओतणार, तेवढ्यात पलीकडचा पंक्चरवाला ओरडत आला, "ओ दादा, पाणी नका ओतू! हेड तडकंल!" त्याचं खरं होतं. तापलेल्या धातूवर पाणी पडलं की तेवढाच भाग एकदम आकसतो, बाकीचा तसाच फुगलेला राहतो. त्या ओढाताणीत हेडला चीर जाऊ शकते किंवा ते वाकडं होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या काकांनी ऑइल काढलं. एक लिटर असायला हवं होतं, निम्मंही निघालं नाही. त्यांनी डिपस्टिक माझ्या हातात दिली. खुणेच्या दोन रेषा कोरड्या ठाक, आणि अगदी टोकावर तेवढा एक काळा ठिपका. मग पिस्टन दाखवला. एका बाजूला वरून खाली सरळ ओरखडे होते. नख फिरवलं की अडकत होतं. बोअर करून नवा पिस्टन टाकावा लागला. काका एवढंच म्हणाले, "हवा नव्हती, आन् ऑइलबी नव्हतं. मंग इंजिनानं करायचं काय?"

गेली तीन वर्षं मी हेच वाक्य पाळीतल्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगतो आहे. पेट्रोल जळून जी शक्ती निघते, तिचा ढोबळमानाने पाव हिस्साच चाकापर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि इंजिनच्या अंगातून बाहेर पडते. आपल्याकडच्या बहुतेक साध्या मोटरसायकलींच्या ब्लॉकवर ज्या पातळ कडा, म्हणजे फिन्स असतात, त्या याच कामासाठी. गाडी पळत असली की त्यांच्यामधून वारा जातो आणि उष्णता घेऊन जातो. जाममध्ये इंजिन चालूच असतं, वारा तेवढा थांबतो. वर पुढच्या ट्रकचा गरम धूर आणि खालून डांबराची धग. शेजारी उभ्या अ‍ॅक्टिव्हाला हा त्रास कमी होतो, कारण स्कूटरच्या इंजिनवर आवरण असतं आणि इंजिनसोबत फिरणारा पंखा त्यातून सतत हवा ढकलत राहतो. मोटरसायकलला तो पंखा नाही.

म्हणून वारा थांबला की सगळी भिस्त ऑइलवर. पिस्टनखालची, हेडमधली उष्णता उचलून ते खाली येतं, केसिंगला देतं आणि पुन्हा वर जातं. ऑइल कमी असलं की तेवढंच ऑइल जास्त फेऱ्या मारतं आणि त्याला निवायला वेळ मिळत नाही. शिवाय आपल्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. हाफ क्लचवर गाडी सरकवली की प्लेटा एकमेकींवर घासतात आणि ती उष्णता थेट ऑइलमध्ये उतरते. इंजिन थंड ठेवण्यात डाव्या हाताचा वाटा केवढा मोठा, हे मला फार उशिरा कळलं. आता मी पुढे दहा-पंधरा फूट जागा मोकळी होऊ देतो, मग क्लच पूर्ण सोडून एकदाच तेवढं अंतर जातो आणि थांबल्यावर न्यूट्रल करतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू द्यावेत. सिग्नलचा आकडा ३० च्या वर असेल तर इंजिन बंद.

ऑइल कुठलं, हे मित्राला विचारू नका. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. डब्यावर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० असतं, त्यातला दुसरा आकडा १०० अंश तापमानाला ऑइल किती दाट राहतं ते सांगतो. उरलंय म्हणून कारचं ऑइल ओतू नका. त्यातल्या काही ऑइलनी क्लच घसरतो, आणि घसरणारा क्लच आणखी तापतो.

पावसाळ्यात चाकणच्या रस्त्याचा चिखल फिन्समध्ये बसतो आणि उन्हाळ्यापर्यंत भाजल्या विटेसारखा घट्ट होतो. थंड इंजिनवर जुन्या टूथब्रशने तो काढून टाका. थंडीत पाय गारठतात म्हणून लेगगार्डला बांधलेले रेक्झिनचे पडदे मार्चनंतरही तसेच लोंबत असतात, ते सोडा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मायलेजसाठी पेट्रोलचं प्रमाण फार कमी करून घेऊ नका. असं पातळ मिश्रण जास्त तापून जळतं.

रेडिएटरवाल्या गाड्यांचं पथ्य थोडं वेगळं. टाकीतला कूलंट इंजिन थंड असताना दोन खुणांच्या मध्ये हवा, त्यात नळाचं पाणी घालू नये, आणि जाममध्ये पंखा सुरू होतो की नाही यावर कान ठेवावा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते तोंडावर येतं.

एवढं करूनही गाडी तापलीच, तर ती आधी सांगते. न्यूट्रल लागेना, आवाज बदलला, ओढ गेली, यांतलं काहीही झालं तर त्याच क्षणी बाजूला घ्या, बंद करा, सावलीत अर्धा तास उभी ठेवा. निवल्यावर ऑइल पाहा, कमी असेल तर भरा आणि मगच निघा. पाळीला उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा पगार जाईल. माझा त्या दिवशी पूर्ण दिवसाचा गेला, आणि पुढच्या महिन्यातले साडेचार हजार गॅरेजमध्ये गेले.

उद्या सकाळी इंजिन थंड असताना गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावा. डिपस्टिक काढा, फडक्याने पुसा, पुस्तकात सांगितलंय तशी पुन्हा घाला आणि काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये दिसलं नाही, तर गाडी रस्त्यावर काढू नका.