धाडावी लहान, राखावी मूळ

सुरतेच्या गोडादरा भागात खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. घरी बाळाचा स्नानसंस्कार झाला की गावाकडच्या आप्तांस त्याची चित्रफीत धाडण्याची कोण घाई होते! परंतु फोनवर टिपलेली मिनिटभराची स्वच्छ चित्रफीत कित्येकदा शंभर मेगाबाइटपर्यंत जाते, आणि जीमेलच्या पत्रास जोडून २५ मेगाबाइटच धाडता येतात. म्हणून ती लहान करावी लागते.

हे कसे घडते? एका सेकंदात सुमारे तीस चित्रे असतात. वेदी व भिंत जागीच असतात, हलतो तो फादरांचा हात. म्हणून प्रत्येक चित्र सबंध न नोंदता पुष्कळसा बदलच नोंदला जातो. २००३ सालची एच.२६४ पद्धत अशीच चालते. त्याहून लहान करावयाची, तर बारीक तपशील टाकून द्यावे लागतात.

येथेच आम्ही चुकलो. लहान प्रत धाडून फोनमधील मूळ प्रत पुसून टाकली. पुढे आमची आई देवाघरी गेली. बाळाला मांडीवर घेतलेला तिचा चेहरा मोठा करून पाहू गेलो, तो धूसर! टाकलेला तपशील पुन्हा येत नाही.

वाचकहो, आधी चित्रफितीचा अनावश्यक भाग कापावा, मगच ती लहान करावी. मूळ प्रत मात्र दोन ठिकाणी ठेवावी. धर्मग्रामाच्या नोंदवहीत बाळाचे नाव जपतात, तशीच घरची ही ठेवही जपावी.