आधी भरायचा बोल्ट : गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलचं तेल घरी बदलताना

इंजिन ऑइल घरी बदलणारे आपल्यात बरेच जण असतील. पण गिअरबॉक्सच्या तेलाला फारसं कुणी हात लावत नाही, कारण तिथे बहुतेक गाड्यांत ना डिपस्टिक असते ना दिवा. आठवण करून देणारंच काही नाही.

उदाहरणाला आपण १९८९ साली आलेली माझदा एमएक्स-५ घेऊ, पाच गिअरची, मॅन्युअल. इंग्लंड-अमेरिकेतल्या काही श्रोत्यांकडे ती असेलही. तिच्यात इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, त्यामुळे गिअरबॉक्स वेगळा, डिफरन्शिअल वेगळं आणि दोघांचं तेलही वेगळं. स्विफ्टसारख्या पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्या पोटातच असतं, तेल एकच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दोन्ही ठिकाणी दोन-दोन बोल्ट असतात: खालचा तेल काढायचा, बाजूचा वरचा भरायचा. आधी वरचा सोडवायचा. तो सुटला, हाताने फिरला, की मगच खालच्याला पाना लावायचा. आम्ही एकदा उलटं केलं. खालचा झटकन सुटला, तेल सगळं बाहेर, आणि वरचा बोल्ट वर्षानुवर्षांच्या गंजाने असा चिकटला होता की पाना घसरून त्याचे कोपरेच गोल झाले. गाडी स्टँडवर, पोट रिकामं, आणि गॅरेजपर्यंत चालवत न्यायचीही सोय नाही. आधी वरचा करून पाहिला असता तर जुन्या तेलावर का होईना, गाडी चालत गेली असती. बोल्ट जाम असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, आणि पाना सहा कोनी, घट्ट बसणारा घ्या.

गाडी चारही स्टँडवर सपाट हवी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. सपाट का, तर तेलाची पातळी भरायच्या भोकाच्या काठावर ठरते. नाक वर असेल तर ती चुकीची दिसते. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा. कोमट तेल पातळ होतं आणि घाण घेऊन बाहेर येतं. उकळतं नको, हात भाजतो.

खालच्या बोल्टला बहुधा चुंबक असतं. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर काळजी नाही, ती नेहमीची झीज. नखाला टोचणारे तुकडे किंवा दाताचा टवका दिसला तर मात्र नवं तेल ओतून तो प्रश्न मिटणार नाही.

कुठलं तेल? इथे लोक फसतात. डब्यावर जीएल-४, जीएल-५ असं लिहिलेलं असतं आणि पाच म्हणजे चारपेक्षा चांगलं, असा समज होतो. तसं नाही. डिफरन्शिअलमध्ये पिनियन क्राऊन व्हीलच्या मध्याच्या खाली बसवलेलं असतं, म्हणून दात एकमेकांवर फिरता-फिरता घासतातही. त्या दाबाला गंधक-फॉस्फरसची भरपूर मात्रा लागते, ती जीएल-५ मध्ये असते. गिअरबॉक्समध्ये उलट, पितळेच्या सिंक्रो रिंगला पकड हवी. फार निसरडं तेल असलं तर गिअर कुरकुरत पडतो, आणि काही जीएल-५ पितळ खातातही. एमएक्स-५ च्या मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सला दोन्ही चालतात. आम्ही जीएल-४ च घालतो. डिफरन्शिअलला मात्र जीएल-५ च.

आणखी एक गंमत. गिअर ऑइलवरचा ९० हा आकडा इंजिन ऑइलच्या मापाचा नाही. गरम झाल्यावर ९० चं गिअर ऑइल साधारण ४०-५० च्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं.

तुमच्या गाडीत क्लचच्या पट्ट्यांचं लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल असेल तर तेलात फ्रिक्शन मॉडिफायर लागतो. नाहीतर वळणावर मागून कटकट आवाज येतो. एमएक्स-५ मधलं टॉर्सन गिअरवर चालतं, त्याला याची गरज नाही.

गिअरबॉक्सला सुमारे दोन लिटर, १.८ इंजिनच्या डिफरन्शिअलला साधारण एक. भोक बाजूला असल्यामुळे डबा वाकडा करून ओतता येत नाही. हातपंप घ्या, किंवा गिअरबॉक्ससाठी इंजिनच्या बाजूने लांब नळी सोडून वर नरसाळं लावा. तेल भोकातून बाहेर ओघळू लागलं की थांबा, नवीन वॉशर लावून बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. केसिंग ॲल्युमिनियमचं असेल तर जास्त जोर लावल्यावर आटे जातात.

डीएसजीसारख्या डबल-क्लच गिअरबॉक्सला हे सगळं लागू नाही. तिथे पातळी ठरलेल्या तापमानालाच, इंजिन चालू ठेवून बघतात, आणि ते तापमान वाचायला स्कॅनर लागतो. तो नसेल तर ते काम गॅरेजला द्या.

शेवटी एक चक्कर मारा, दुसऱ्या दिवशी बोल्टखाली कोरडा कागद धरून बघा. जुनं तेल झाकणाच्या डब्यात, गटारात नाही.