भांडं वाजलं तरी कानात खिळा

धारूर तालुक्यातल्या एका वस्तीत गेल्या पावसाळ्यात आम्ही एका घरी बसलो होतो. घर पत्र्याचं. चहा झाला, सासूबाईंनी कपबशा आणि ताट मोरीत टाकलं आणि सूनबाईंनी दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीकडे तोंड केलं. "बघा, असं करतीय ही," सासूबाई म्हणाल्या. "साधं ताट वाजलं तरी. कामाचा कंटाळा, दुसरं काय." सून तेव्हा काही बोलली नाही. आम्ही निघालो तेव्हा दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "ताई, भांडं वाजलं की कानात खिळा ठोकल्यावानी होतंय. नाटक कशाला करू मी?"

ती नाटक करत नव्हती. या त्रासाला डॉक्टर हायपरअ‍ॅक्युसिस म्हणतात. इतरांना साधा वाटणारा आवाज या माणसाला असह्य मोठा वाटतो, काहींना तर प्रत्यक्ष दुखतं. कुकरची शिट्टी, मिक्सर, पत्र्यावरचा पाऊस, लेकराचं रडणं, यातलं काहीही पुरतं. ऐकू मात्र नीट येत असतं, म्हणून घरच्यांचा विश्वास बसत नाही. मग दोनच निदानं उरतात: नखरे, नाहीतर 'बाहेरचं'. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही अशा वेळी कोणीतरी लिंबू उतरवायला सांगतंच, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

होतं काय, तर आपल्या आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाजाची थरथर त्या मेंदूकडे पोचवतात. मोठ्या आवाजाने त्या दुखावल्या की मेंदूकडे जाणारा संदेश कमी होतो, आणि ती तूट भरून काढायला मेंदू आपलं बटण वाढवतो, असं अभ्यासक मानतात. रेडिओ नीट लागत नाही म्हणून आवाज वाढवावा आणि मग खरखरही वाढावी, तसं.

दुसरं एक कारण वस्तीत वरचेवर दिसतं, पण कोणी जोडून बघत नाही. 'वारं गेलं' आणि तोंड वाकडं झालं, तर त्याच बाजूच्या कानाला आवाज मोठे लागू शकतात. कानात रिकिबीच्या आकाराचं एक इवलंसं हाड असतं. मोठा आवाज आला की त्याला आवरून धरणारा स्नायू असतो, आणि तो चेहऱ्याच्याच नसेवर चालतो. नस गेली की लगाम सुटतो. तोंड वाकडं झालं की लगेच दवाखाना गाठावा. पहिल्या 3 दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर फायदा जास्त होतो, शिवाय तो अर्धांगवायू तर नाही, हेही डॉक्टरांनाच बघू द्यावं.

अर्धशिशी आणि डोक्याला लागलेला मार यांतूनही हा त्रास होतो. स्वमग्न लेकरांत तो बराच आढळतो. शाळेची घंटा झाली की कान झाकून पळणाऱ्या पोराला मार देऊ नका, आधी तपासून घ्या.

काहींना सगळे आवाज सोसतात, पण जेवताना कोणी मचमच केली, नाक ओढलं, की अंगाची लाही होते. राग इतका, की ताटावरून उठून जातात. हा त्रास वेगळा. त्याला मिसोफोनिया हे नाव 2001 साली मिळालं. तिथे आवाज मोठा असण्याचा संबंध नसतो, तो विशिष्ट आवाजच खटकतो.

आता त्या सूनबाईंचं. विचारता विचारता कळलं, की 2 वर्षांपूर्वी 14 एप्रिलच्या मिरवणुकीत ती डीजेच्या गाडीपुढे तासन् तास नाचली होती. घरी आल्यावर 3 दिवस कानात शिट्टी वाजत राहिली, आणि भांड्यांचा त्रास त्यानंतरचा. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कारण हेच असं आम्ही म्हणणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: 80 डेसिबल आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 चा 4 तास, आणि 100 चा आठवड्यात जेमतेम 20 मिनिटं. डीजेसमोरचा आवाज सहज 100 च्या वर जातो.

हे लिहिताना आम्हालाही जड जातं. जयंती आपल्या हक्काची, वाजतगाजतच व्हावी. इतर सगळ्यांचे डीजे चालतात आणि बोट आपल्याकडेच दाखवलं जातं, ही तक्रारही खोटी नाही. पण गाडीपुढे कान आपल्याच लेकीबाळींचे असतात. कायदा (ध्वनिप्रदूषण नियम, 2000) वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा सांगतो, आणि रात्री 10 नंतर उघड्यावर लाऊडस्पीकरला मनाई आहे. वर्षातून फार तर 15 दिवस सरकार 12 वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. पलीकडच्या गल्लीतल्या लग्नाचा डीजे रात्री 10 नंतर सोसवत नसेल तर 112 ला फोन करता येतो. तोच नियम आपल्यालाही लागू. ज्या वस्त्यांत 18 तास अभ्यासाने जयंती होते, तिथे कोणाचा कान गेल्याचं आम्ही ऐकलं नाही.

उपाय आहेत, फक्त ते सावकाश लागू पडतात. आधी कान-नाक-घसा डॉक्टर आणि ऐकण्याची तपासणी. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ पडेल ते. कानात तेल, लसणाचा रस काही टाकू नका. दिवसभर कापसाचे बोळेही नकोत. आवाज पूर्ण बंद केले की कान आणखी हळवा होतो, ही यातली उलटी गोष्ट. बोळे फक्त गिरणीत, मिरवणुकीत, ट्रॅक्टरवर. एरवी पंख्यासारखा मंद आवाज चालू ठेवायचा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडा थोडा वाढवत न्यायचा. याने जीव उबगतो, झोप उडते, तेव्हा बोलायला टेलिमानस 14416 हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर एक दिवसही थांबू नका.

त्या घरी आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सासूबाईंनी मोरीत गोणपाट अंथरलं होतं. "वाजत नाही आता," एवढंच म्हणाल्या. सूनबाईंची तपासणी अजून व्हायची आहे. दसरा झाला की टोळी उसाला निघेल आणि मग 5-6 महिने दवाखाना नाही, म्हणून त्याआधीचा सोमवार ठरवला आहे. सोबत सासूबाई जाणार आहेत.