आपल्या घराची पाण्याची चावी

घर घेताना आपण हवा, उजेड, स्वयंपाकघराचा ओटा, झालेच तर खिडकीला जाळी आहे की नाही, हे सर्व पाहतो. विजेचा मेन स्विच कोठे आहे हे घरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु घरात येणारे पाणी बंद करावयाची चावी कोठे आहे असे विचारले, तर बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

आम्हीही त्यांतलेच होतो. २०१४ च्या मे महिन्यातील गोष्ट. मुंबईतील आमच्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावरील कुटुंब सुट्टीत गावी गेले होते. रात्री अकराच्या सुमारास त्यांच्या मोरीतील प्लॅस्टिकचा नळ मुळापासून निखळला. दाराला कुलूप. पाणी दाराखालून जिन्यात आणि छतातून खालच्या घरात. तेथे कॉलेजच्या प्रवेशासाठी एका मुलीने काढून ठेवलेली फाईल भिजली. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सर्व त्यातच. तळमजल्यावर जिन्याखाली विजेचे मीटर, तेथवर पाणी पोहोचायला पायऱ्याच काय त्या उरल्या होत्या. गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे, ते लग्नाला बाहेरगावी. शेवटी कुलूप तोडले, तर टाकीखाली आठ चाव्या आणि एकीवरही नाव नाही! एकीचे चाक तर गंजून हातातच आले. दीड तास गेला. दाखले पुन्हा काढता येतात हे खरे, पण त्या मुलीने जून महिना कचेऱ्यांच्या रांगेत काढला.

हे पाणी येते कसे, ते पाहू. तानसा, वैतरणा, भातसा या ठाणे-पालघरकडील तलावांतून ते शहरात येते. रस्त्याखालील मोठे व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी उघडण्याचे काम महानगरपालिकेचे कामगार करतात. त्यांना लोक 'चावीवाला' म्हणतात. ती चावी आपली नव्हे, तिला हात लावू नये. पाणी इमारतीच्या खालच्या टाकीत पडते, पंपाने गच्चीवरील टाकीत चढते आणि तेथून उभ्या पाईपांनी खाली उतरते. एकाखाली एक असलेल्या घरांना बहुधा एकच उभा पाईप असतो. म्हणून आपल्या ताब्यातील चाव्या दोन ठिकाणी: एक गच्चीवर, टाकीतून पाईप निघतो तेथे, दुसरी घरात, उभ्या पाईपातून आपला पाईप फुटतो तेथे. घरातील चावी सहसा मोरीत किंवा संडासात, डोक्याच्या वर किंवा माळ्याजवळ असते. अनेक इमारतींत संडासाच्या पाण्याची टाकी वेगळी असते. तसे असेल तर घरातही दोन चाव्या शोधाव्यात.

विद्यार्थी मित्रांना एक हिशेब सांगतो. पाण्याची उंची १० मीटर असली की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब पडतो. टाकी १५ मीटर उंच असेल तर तळमजल्यावरील अर्धा इंची पाईपाच्या तोंडावर साधारण २ किलोचा जोर येतो. म्हणूनच फडक्याचा बोळा तेथे टिकत नाही. आम्ही चादर कोंबणारेही पाहिले आहेत. वरच्या मजल्यावर नळ बारीक आणि खाली जोरात, याचेही कारण हेच.

चावी दोन प्रकारची असते. गोल चाक असलेली ती गेट व्हॉल्व्ह. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत गेले की आतील पडदा खाली उतरतो. बरेच फेरे द्यावे लागतात. ती अर्धवट उघडी ठेवू नये, पडदा झिजतो. पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे आणावी, म्हणजे अडकून बसत नाही. दुसरी, दांडी असलेली ती बॉल व्हॉल्व्ह. आत भोक पाडलेला गोळा असतो. दांडी पाईपाच्या रेषेत असेल तर पाणी चालू, आडवी असेल तर बंद. पाव फेऱ्यात काम होते आणि अंधारातही हाताने कळते. नवी बसवायची झाल्यास आमच्या मते हीच बसवावी.

चावी सापडली एवढ्याने भागत नाही, ती फिरते का हे पाहावे. बंद करून मोरीतील नळ उघडावा. पाईपातील उरलेले पाणी गळून धार थांबली, तर चावी धडधाकट आहे. वर्षानुवर्षे न फिरवलेली चावी जड जाते. अशा वेळी पाना लावून जोर करू नये. जुना लोखंडी पाईप आट्यापाशी तुटतो आणि नसते संकट ओढवते. दांड्याच्या मुळाशी मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडावेत, थोडे मागे-पुढे करावे, तरीही न हलल्यास प्लंबरला बोलवावे. पाणी बंद असताना गिझरचे बटनही बंद ठेवावे. आणि गावी जाताना घरातील चावी बंद करूनच कुलूप लावावे. त्या रात्री एवढेच झाले असते, तर नळ निखळूनही जिना कोरडा राहिला असता.

आमच्या इमारतीत आता गच्चीवरील प्रत्येक चावीला पत्र्याची पट्टी आहे व कोणती चावी कोणत्या खोल्यांची ते तीवर रंगाने लिहिले आहे. ते काम कॉलेजच्या मुलांनी एका रविवारी केले: एकाने वर चावी फिरवायची, बाकीच्यांनी दारोदार नळ पाहायचे. गच्चीची दुसरी किल्ली तळमजल्यावरील ज्यांच्या घरी कायम कोणी ना कोणी असते, अशा आजींकडे आहे. दर सहा महिन्यांनी सर्व चाव्या फिरवून पाहतो. फक्त पहिल्या मजल्यावरील एका घरातील चावी टाईल्सच्या मागे गेली आहे. तेथे टाईल फोडायला घरधनी अद्याप तयार नाहीत, बोलणे चालू आहे.