दोन फेऱ्यांच्या मधला बाप

ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या मोहर्ली गेटवरून सफारीची सकाळची फेरी उजाडता उजाडता सुटते. जिप्सीचे ड्रायव्हर आणि गाईड त्याआधीच घराबाहेर पडतात, पोरं झोपेत असतानाच. दुपारची फेरी आटोपून परतेपर्यंत दिवेलागण होते. ताडोब्याच्या पर्यटनावर चूल पेटणाऱ्या या घरांत बापाच्या वाट्याला लेकरू येतं ते मधल्या दोन-तीन तासांत. एवढ्याशा वेळात काय लळा लागणार, असं कुणालाही वाटेल. पण लागतो.

मुलांच्या लळ्याचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी मुलांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल लिहिला, तेव्हा सगळा भर आईवर होता. पुढे शॅफर आणि इमर्सन या संशोधकांनी ग्लासगोतल्या ६० बाळांचा घरी जाऊन अभ्यास केला. १९६४मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश बाळांना वडिलांचाही लळा लागला होता. बाळ ज्याला बिलगत होतं, तो दिवसभर जवळ असणाराच असे, असंही नव्हतं. हाकेला ओ देणारा, रडण्याचा अर्थ ओळखणारा माणूस बाळाने आपला मानला होता.

म्हणून दुपारी ओसरीवर येणाऱ्या "बाबा, आज वाघ दिसला काय?" या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो. बाप मोबाइल बाजूला ठेवून, धुळीत बोटाने पंजा काढून नर-मादीच्या पाऊलखुणांतला फरक दाखवतो, तेव्हा ते लेकरू नुसती वाघाची गोष्ट ऐकत नसतं. आपलं म्हणणं या माणसापर्यंत पोचतं, हे त्याला कळत असतं.

कॅनडाचे संशोधक डॅनियल पॅकेट यांच्या मते बापाचं नातं मुलाला बाहेरच्या जगाकडे ढकलतं आणि सोबत मर्यादाही आखून देतं. मोहर्लीत बाहेरचं जग म्हणजे खरोखरचं जंगल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वाकून मोहफुलं वेचणाऱ्या माणसांवर वाघाचे हल्ले होतात. नाल्याकडे एकट्याने जायचं नाही, जाताना मोठ्याने बोलत जायचं, हे मूल बापाकडून शिकतं. किती घाबरायचं, हे मात्र ते बापाच्या चेहऱ्यावरून ठरवतं. सावध पण शांत बाप ही इथल्या पोरांची मोठी गरज आहे.

आता इथे बायकाही गाईड आहेत. आई पहाटे गेटवर गेली की पोरांची आंघोळ, वेणीफणी, डबा घरात असेल त्या बापालाच करावं लागतं. यात त्याला कमीपणा वाटायचं कारण नाही. मेंदूसंशोधक रूथ फेल्डमन यांच्या २०१४च्या अभ्यासात बाळाची मुख्य जबाबदारी उचलणाऱ्या वडिलांच्या मेंदूतही आईसारखेच बदल दिसले. ही माया करता करता येते.

तरीही अंगणवाडीच्या पालकसभेला बहुधा आयाच दिसतात. ताडोबा मंगळवारी बंद असतो, तेव्हा बाप घरी असतो. सभा मंगळवारी ठेवा आणि निरोप बापाच्या नावाने धाडा.