अर्नोच्या काठचं कोल्हापूर

लहानपणी प्रत्येकाच्या मनात एक गाव दडलेलं असतं. आमच्या वर्गातल्या एकीला काश्मीरला जायचं होतं, दुसरीला लंडनला जाऊन राणी बघायची होती. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत वाढलेल्या मला मात्र जायचं होतं फ्लॉरेन्सला. मैत्रिणी हसायच्या. त्यांना फ्लॉरेन्स म्हटलं की धड्यातली दिवा घेतलेली नाइटिंगेलबाई आठवायची. खरं म्हणजे त्यांचंही फारसं चुकत नव्हतं. ती बाई १८२० साली फ्लॉरेन्समध्येच जन्मली आणि गावाचंच नाव तिला ठेवलं गेलं. पण हे मला फार पुढे कळलं. माझं फ्लॉरेन्स वेगळं होतं. ते आमच्या आण्णांनी मला दिलं होतं.

आण्णा हायस्कुलात इतिहास शिकवायचे. १९७० साली मी दहा वर्षांची होते. नोव्हेंबर संपत आला होता. रात्री जेवणं झाल्यावर आण्णांनी शाळेचा नकाशा जमिनीवर पसरला आणि बुटासारख्या दिसणाऱ्या इटलीवर बोट ठेवलं. म्हणाले, "हे बघ, बाळ, इथं आपल्या कोल्हापूरच्या महाराजांची छत्री आहे. त्यांना जाऊन आज शंभर वर्षं झाली."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. छत्रपती राजाराम महाराज १८६६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी गादीवर आले. इंग्रजी शिकले. समुद्र ओलांडणं म्हणजे धर्म बुडवणं असं ज्या काळी लोक मानत, त्या काळात, १८७० साली, ते आगबोटीनं इंग्लंडला गेले. व्हिक्टोरिया राणीला भेटले, पार्लमेंट पाहिली, रोज काय पाहिलं ते इंग्रजीत टिपून ठेवलं. परतताना जर्मनीतून आल्प्स ओलांडून इटलीत उतरले आणि फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले. ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथंच ते वारले. एकविसावं वर्ष चालू होतं. ज्यांच्या नावानं आपल्या गावात पुढे राजाराम कॉलेज निघालं, तेच हे महाराज.

आज्जी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. राज्यकारभार, पार्लमेंट, आगबोट यातलं काही तिला नको होतं. तिनं एवढंच विचारलं, "एवढंसं प्वार ते. परमुलखात लेकराच्या तोंडात शेवटचं पाणी तरी कुणी घातलं असंल का रं?"

आण्णांकडे उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "मी जाऊन विचारून येतो." सगळे हसले. पण मला ते खरंच वाटलं. मीही येणार म्हणून मी हट्ट धरला आणि आण्णांनी कबूल केलं.

पुढचं तुम्हाला ओळखीचं वाटेल, कारण ते बहुतेक घरांत असंच घडतं. एका मास्तरच्या पगारात आमची शिक्षणं झाली, दोन बहिणींची लग्नं झाली, गळकं छप्पर दोनदा बदललं. १९९३ साली निवृत्त झाल्यावर आण्णांनी हौसेनं पासपोर्ट काढला. त्याच सुमारास आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि पुढची अकरा वर्षं आण्णांनी तिचं सगळं केलं. पासपोर्टाची मुदत संपली तेव्हा त्याच्या एकाही पानावर शिक्का नव्हता. तो त्यांनी फेकला मात्र नाही. कुठल्याशा अंकातून कापलेलं त्या छत्रीचं काळंपांढरं चित्र त्यांनी त्यातच घडी घालून ठेवलं होतं. विचारलं की म्हणायचे, "तू जाऊन ये. मला सांग."

मी नोकरीत, संसारात अडकलेली. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिले. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत आण्णा गेले. शहाऐंशी वर्षांचे होते. आम्हा तिघी बहिणींपैकी कुणालाही त्यांच्याजवळ जाता आलं नाही. पंचगंगेच्या स्मशानात डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकचे कपडे घातलेल्या चार माणसांनी त्यांना अग्नी दिला. आम्ही लांब उभ्या होतो. त्या चौघांचे चेहरे आम्हाला दिसले नाहीत, नावंही कळली नाहीत. आज्जीचा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा माझा झाला. आण्णांच्या तोंडात शेवटचं पाणी कुणी घातलं असेल?

माझी मुलगी नोकरीसाठी म्युनिकला असते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मी तिच्याकडे गेले तेव्हा तिनं फ्लॉरेन्सची तिकिटं काढूनच ठेवली होती. इन्सब्रुकवरून आल्प्समधला ब्रेनर घाट ओलांडून गाडी इटलीत उतरते. बोलोन्याला गाडी बदलून आम्ही दुपारी फ्लॉरेन्सला पोहोचलो. तिथले लोक गावाला फिरेंझे म्हणतात. पन्नासहून जास्त वर्षं जे नाव जपलं, ते स्टेशनच्या पाटीवर नव्हतंच!

पहिला दिवस सगळे पाहतात ते पाहण्यात गेला. ब्रुनेलेस्कीनं खालून लाकडी आधार न देता चढवलेला आणि १४३६ साली पुरा झालेला तो प्रचंड घुमट पाहिला. मायकेलएंजेलोचा सतरा फुटी संगमरवरी डेव्हिड पाहिला. सांता क्रोचेच्या चर्चमध्ये गॅलिलिओ आणि मायकेलएंजेलो एकाच छताखाली चिरनिद्रा घेत आहेत, तिथं डोकं टेकवलं. डोळ्यांचं पारणं फिटलं हे खरं. पण मन कुठंतरी दुसरीकडेच होतं. रात्री मुलगी म्हणाली, "आई, तू परीक्षेला बसल्यासारखी दिसतेस." तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्राम धरून आम्ही त्या बागेच्या तोंडाशी उतरलो. बागेचं नाव इंग्रजी अक्षरांत वाचलं तर भलतंच वाटतं. इटालियन माणसाच्या तोंडून मात्र ऐकू येतं 'काशीने'. मी मुलीला तीनदा म्हणायला लावलं. आण्णा असते तर या नावावर त्यांनी तासभर घालवला असता! या शब्दाचा काशीशी काही संबंध नाही. मेदिची घराण्याचे इथं गाईगुरांचे गोठे होते, त्यावरून हे नाव पडलं. अर्नो नदीच्या काठानं ही बाग तीन किलोमीटरहून अधिक लांब पसरली आहे आणि छत्री आहे तिच्या अगदी शेवटच्या टोकाला. मोठमोठी झाडं, धावणारी तरुण मुलं, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया. वाट विचारायला मी नुसतं 'इंदियानो' म्हटलं की लोक हात करून पुढे दाखवायचे. त्या सगळ्या भागालाच ते 'इंदियानो' म्हणजे 'हिंदी माणूस' म्हणतात. १९७८ साली तिथं नदीवर बांधून झालेल्या, तारांवर तोललेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे. आमच्या गावच्या वीस वर्षांच्या मुलावरून फ्लॉरेन्समधल्या एका पुलाचं नाव पडावं याचं मला राहून राहून नवल वाटत होतं.

मग झाडी विरळ झाली आणि समोर छत्री दिसली.

चार खांबांवर तोललेला नक्षीदार घुमट. त्याखाली महाराजांचा अर्धपुतळा. आपला पोशाख, डोक्यावर पगडी, गळ्यात दागिने आणि रंगवलेला चेहरा. चेहरा अगदीच कोवळा आहे. मी ६३ वर्षांची. क्षणभर वाटलं, हा तर माझ्या नातवाच्या वयाचा. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकारानं घडवला आणि छत्रीचा आराखडा मेजर मँटनं केला. १८७४ साली हे स्मारक उभं राहिलं. हाच मँट आमच्या कोल्हापूरच्या नवीन राजवाड्याचा रचनाकार. शाळेच्या सहलीत रांगेनं ज्या कमानींखालून आम्ही गेलो होतो, त्याच हातची ही कमान होती. परक्या गावात अचानक माहेरचं माणूस भेटावं तसं झालं.

छत्रीच्या पलीकडे मुन्योने नावाची लहानशी नदी येऊन अर्नोला मिळते. हीच जागा का, हे आण्णांनी वहीत लिहून ठेवलं होतं. बरोबरच्या माणसांना दहन करायचं होतं, आणि तेही नद्यांच्या संगमावर. तेव्हा फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. तिथं मृतांना पुरायचे. इटलीतलं पहिलं आधुनिक दहन मिलानला झालं ते सहा वर्षांनी, १८७६ साली. कॅथलिक चर्चनं तर पुढे १८८६ मध्ये दहनाला बंदीच घातली आणि ती १९६३ पर्यंत उठली नाही. अशा मुलखात एका अनोळखी राजाच्या माणसांनी आपल्या रीतीनं अग्नी देण्याची परवानगी मागितली, आणि गावानं ती दिली. आमचा प्रयाग संगम, तसा त्यांना हा संगम मिळाला. त्या रात्री इथं चिता पेटली.

जवळच्या बाकावर एक म्हातारेबुवा बसले होते. पायाशी कुत्रा. मला डोळे पुसताना पाहून त्यांनी हातवारे करून काही विचारलं. मुलीनं मोबाइल पुढे धरला. त्यात बोललेलं भाषांतर करून मिळतं. ही माझी आई, हे आमच्या गावचे राजे, असं तिनं सांगितलं. ते एकदम उठून उभे राहिले. चौथऱ्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "कोलापूर?"

"कोल्हापूर," मी म्हटलं.

मोबाइलमधून त्यांचं बोलणं तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. ते लहानपणी वडिलांच्या सायकलवर बसून इथं यायचे. हा मुलगा कुठून आला म्हणून त्यांनी वडिलांना विचारलं, तेव्हा वडिलांनी हे नाव वाचून दाखवलं होतं. मग घरी जाऊन त्यांनी नकाशात कोल्हापूर शोधलं. सापडलं नाही. "मोठा झाल्यावर जाईन म्हणत होतो," ते हसून म्हणाले, "राहूनच गेलं."

मला काही सुचेना. पिशवीत डबीत गुळाचे खडे होते, प्रवासात तोंडात टाकायला घेतलेले. पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवायचा ही आपली रीत. इथं पाहुणी मीच होते, पण डबी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी खडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "कोलापूर."

ते गेल्यावर मी पाण्याची बाटली घेऊन संगमापाशी गेले. आण्णांचा कोरा पासपोर्ट आणि त्यातलं चित्र पिशवीत होतं. ते तिथं सोडायचं ठरवून आणलं होतं, पण हात धजेना. परत ठेवून दिलं. ओंजळभर पाणी मात्र सोडलं, आधी महाराजांच्या नावानं आणि मग आण्णांच्या.

आज्जी, त्या लेकराच्या तोंडात शेवटचं पाणी कुणी घातलं ते मला अजूनही ठाऊक नाही. पण त्याला परक्यांनी परका मानलं नाही, एवढं मी पाहून आले. पंचगंगेवरच्या त्या चौघांचे आभार मानायचे राहून गेले होते. त्यांची नावं मला कधीच कळणार नाहीत. ते आभार मी अर्नोच्या काठी मानले.

घरी आल्यावर आण्णांच्या फोटोसमोर बसून त्यांना सगळं सांगितलं. काशीनेपासून सुरुवात केली.